बैलाची जात आणि माणसाची जात

गेल्या हिवाळ्यात पनवेल तालुक्यातील एका गावी बैलगाड्यांची शर्यत पाहायला गेलो होतो. अनेक वर्षे न्यायालयात अडकलेल्या या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदाही ग्राह्य धरला. तेव्हापासून आमच्या रायगड जिल्ह्यात शर्यती पुन्हा भरू लागल्या आहेत. लाऊडस्पीकरवरून एकेका बैलाची ओळख करून दिली जात होती. हा अस्सल खिल्लार, याच्या बापाने अमुक मैदान मारलेले, याची आई अमक्याच्या दावणीची. माणसे माना डोलावत होती.

माझ्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. आता तो पदव्युत्तर वर्गात शिकतो. तो हळूच म्हणाला, "सर, एक विचारू? आमच्या वर्गातला एक मुलगा मला म्हणाला, बैलाचा गुण त्याच्या जातीत असतो हे तुम्ही मान्य करता, मग माणसाचा गुण त्याच्या जातीत असतो हे का मान्य करत नाही? सवलती देऊन गाढवाचा घोडा होतो का? मला राग आला सर, पण उत्तर देता आलं नाही."

मी पस्तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले. मलाही त्या क्षणी दोन वाक्यांत उत्तर देता आले नाही. रागाने उत्तर देणे सोपे होते, पण त्याला राग नको होता, कारण हवे होते. हा प्रश्न आपल्या अनेक विद्यार्थ्यांना वसतिगृहात, कचेरीत, कँटीनमध्ये वेगवेगळ्या शब्दांत ऐकावा लागतो. म्हणून माणसाने जनावरे पाळीव कशी केली, का केली, जनावरांच्या 'जाती' कशा तयार झाल्या, हे मुळापासून पाहिले पाहिजे. हे नीट कळले की त्या मुलाचा युक्तिवाद कोठे फसतो तेही कळते.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. माणसाळवणे वेगळे आणि पाळीव करणे वेगळे. पोपट पिंजऱ्यात ठेवून त्याला बोलायला शिकवले, तर तो माणसाळतो. त्याची पिल्ले मात्र रानटीच जन्मतात. हत्तीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. हजारो वर्षे आपल्या देशात हत्ती युद्धात, मिरवणुकीत, लाकूड ओढण्यासाठी वापरला गेला. तरीही शास्त्रज्ञ त्याला पाळीव प्राणी मानत नाहीत. कारण बहुतेक हत्ती रानातून पकडून आणले जात आणि प्रत्येकाला नव्याने साखळदंडाने, अंकुशाने, उपासमारीने वठणीवर आणावे लागे. आईला शिकवले म्हणून पिलाला येत नसे. याउलट पाळीव जनावरात बदल होतो तो रक्तात, म्हणजे आनुवंशिक द्रव्यात. गाईचे वासरू जन्मतःच माणसाला फारसे बिचकत नाही. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

पाळीव करण्याची सुरुवात कोणी ठरवून केली असे दिसत नाही. कुत्रा हा सर्वांत जुना सोबती. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी, किमान पंधरा हजार वर्षांपूर्वी, लांडग्यांपैकी काही माणसांच्या वस्तीभोवती घुटमळू लागले. जे कमी भित्रे आणि कमी आक्रमक होते त्यांना उष्टे-खरकटे मिळाले, ती जगली, वाढली. म्हणजे निम्मे काम लांडग्यानेच केले. मांजर धान्यावरच्या उंदरांमागे आले. शेळी-मेंढीचा मार्ग वेगळा. ती आधी शिकार होती. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शिकाऱ्यांनी कळप मारून संपवण्याऐवजी राखायला सुरुवात केली. नर कापायचे आणि माद्या वाढवायच्या, अशी रीत पडली. घोडा, गाढव, उंट यांना मात्र माणसाने ओझ्यासाठी व प्रवासासाठी मुद्दाम पकडून पाळले.

सगळीच जनावरे पाळता येत नाहीत. जेरेड डायमंड या अभ्यासकाने १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हिशेब मांडला आहे, की जगातील मोठ्या वनस्पत्याहारी सस्तन प्राण्यांच्या १४८ प्रकारांपैकी विसाव्या शतकापूर्वी फक्त १४ पाळीव झाले. जनावराचे खाणे स्वस्त असावे लागते, ते लवकर वाढावे लागते, बंदिवासात त्याची वीण व्हावी लागते, ते फार तापट किंवा फार घाबरट नसावे लागते, आणि कळपात कोणाच्या तरी मागून चालण्याची त्याला सवय असावी लागते. आमच्या कर्नाळ्याच्या रानात भेकर आहे. ते कोणी पाळले नाही, कारण ते एकटे राहते आणि चाहूल लागताच उधळते. कळपातील म्होरक्यामागे चालणारी मेंढी मात्र धनगराच्या मागे चालू लागली.

आपल्याकडच्या वशिंडाच्या गाईबैलांचे मूळ सिंधूच्या पश्चिमेकडे, आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सापडते. इसवी सनापूर्वी सुमारे सात हजार वर्षांपासूनच्या तेथील थरांत एक गोष्ट दिसते: जसजसा काळ पुढे सरकतो तसतसे रानटी प्राण्यांच्या हाडांचे प्रमाण घटते, गुरांच्या हाडांचे वाढते आणि गुरांचा आकार लहान होत जातो. महाराष्ट्रातील उत्तम पुरावा पुणे जिल्ह्यातील इनामगावचा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे राहणारे शेतकरी गाईबैल, शेळ्या-मेंढ्या, डुकरे, कुत्री पाळत होते. गुरांच्या हाडांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आहेत; म्हणजे ही माणसे गुरे कामाला लावत होती आणि खातही होती. आपल्या भूमीतील पहिल्या शेतकऱ्यांचे हे जेवण आहे. आज गोमांसाच्या नावाने जे माणसांवर हात उचलतात, त्यांनी इनामगावची हाडे एकदा पाहावीत.

का पाळली, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. आधी मांस आणि कातडे, पुढे दूध, लोकर, शेण, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जनावराची ताकद. मेलेला बैल काही दिवस पुरतो, जिवंत बैल दहा-बारा वर्षे नांगर ओढतो. आमच्या पनवेलचेच पाहा. मुंबईहून खाडीने माल पनवेल बंदरात येई आणि तेथून बोरघाट चढून पुण्याला जाई. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला होईपर्यंत हा माल बैलांच्या पाठीवर लादून न्यावा लागे. रस्ता झाल्यावर गाड्या आल्या आणि पनवेल बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजले गेले. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू होईपर्यंत कोकण आणि देश यांच्यामधला बराचसा व्यापार बैलाच्या खांद्यावर चालला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पाळीव जनावर ही माणसाची पहिली वाढणारी संपत्ती होय. धान्य साठवले तर कमी होते, कळप राखला तर वाढतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात सुरुवात येथूनच केली आहे. गुरे हीच ज्यांची संपत्ती ते भटके राहिले, जमीन ही ज्यांची संपत्ती झाली ते स्थिर झाले, आणि या दोहोंच्या संघर्षात पराभूत होऊन विखुरलेली माणसे गावाबाहेर राखणदार म्हणून वसली, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्या तपशिलावर विद्वानांनी वाद घालावा. पण जनावराची मालकी आणि माणसामाणसांतील उच्चनीचता यांचा संबंध जोडून पाहण्याची त्यांची दृष्टी आपण विसरता कामा नये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जनावरांच्या निरनिराळ्या जाती कशा निर्माण झाल्या? कर्नाल येथील राष्ट्रीय संस्था देशी जनावरांच्या जातींची नोंद ठेवते. महाराष्ट्रातील खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, आणि आता आमच्याकडची लहानखुरी कोकण कपिला यांची नावे त्या यादीत आहेत. डांगीचे उदाहरण घ्या. नाशिक-अकोल्याकडच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो. डांगीच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे पाणी अंगावर ठरत नाही. तिचे खूर काळे व कठीण असतात, चिखलात आणि खडकात ते कुजत नाहीत. हे कोणत्या देवाने दिले नाही. ज्या जनावरांत हे गुण थोडे अधिक होते ती पावसाळ्यात तगली, पाळणाऱ्यांनी त्यांचीच वासरे राखली, आणि शेकडो वर्षांत तो गुण पक्का झाला. माणदेशाच्या कोरड्या माळावर याच रीतीने चपळ खिल्लार घडला.

पाळणारा नेमके काय करतो? शंभर गोऱ्ह्यांतून दोन-चार निवडून वळू म्हणून ठेवतो आणि बाकीचे खच्ची करून नांगराला जुंपतो. कोणाचा वंश पुढे चालावा हे माणूस ठरवतो. 'खच्चीकरण' हा शब्द आपण भाषणांत सहज वापरतो. तो गोठ्यातून आलेला आहे, आणि जात घडवण्याच्या कामातील तो मुख्य शब्द आहे.

निवडीची ही ताकद सोव्हिएत रशियात दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने प्रयोगाने दाखवली. सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे १९५९ पासून त्यांनी रुपेरी कोल्ह्यांवर एकच कसोटी लावली: माणसाला कमी घाबरणारा आणि न चावणारा कोल्हा कोणता? दर पिढीत असे थोडेच निवडायचे आणि त्यांचीच वीण करायची. आठ-दहा पिढ्यांत शेपूट हलवणारे, हात चाटणारे कोल्हे जन्मू लागले. काहींचे कान लोंबू लागले, अंगावर पांढरे ठिपके आले. याच संस्थेत तितकेच दिवस पिंजऱ्यात राहिलेले, पण निवड न केलेले कोल्हे तसे झाले नाहीत. कोंडून ठेवल्याने जात घडत नाही. जात घडते निवडीने.

म्हणजे जनावराची जात घडायला चार गोष्टी लागतात. एक, कोणता गुण हवा ते ठरलेले असणे. दोन, तो गुण ज्यांत नाही त्यांना विणीतून बाद करणे. तीन, हे अनेक पिढ्या चालू ठेवणे. चार, बाहेरच्यांशी मिसळू न देणे.

आता माणसाच्या जातीकडे पाहू. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे, हे आपले दुर्दैव. 'जातिवंत बैल' म्हणता म्हणता 'जातिवंत माणूस' जिभेवर येतो आणि शब्दाच्या आडून एक खोटा सिद्धांत आत शिरतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचे सार पोटजातीतल्या विवाहात आहे, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. मूळच्या बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाहाचे बंधन लादले गेले, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी स्त्रीवर लादल्या गेल्या. गोठ्याच्या भाषेत सांगायचे तर दार बंद करण्यात आले आणि दारावर बाईला बांधण्यात आले.

पण येथेच साम्य संपते. वरील चार गोष्टींपैकी माणसाच्या जातीत फक्त चौथी आहे, आणि तिसरी. पहिल्या दोन मुळीच नाहीत. कोणत्याही जातीने बुद्धिमान तेवढे ठेवले आणि मंद तेवढे बाद केले, असे कधी घडले नाही. ब्राह्मणाचा मंदबुद्धी मुलगा ब्राह्मणच राहिला, त्याचेही लग्न लागले. महाराची कुशाग्र मुलगी महारवाड्यातच राहिली. गुणाची निवड नाही, अवगुणाची छाटणी नाही. मग गुण रक्तात उतरणार कोठून? प्रत्येक जातीत उंच-बुटके, हुशार-मठ्ठ, शूर-भित्रे असे सगळेच जन्मत राहिले. १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या न दिल्या गेलेल्या भाषणात बाबासाहेबांनी वंशशुद्धीच्या दाव्याचा समाचार घेतला आहे. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार हे वंशाने एकच, मद्रासकडचा ब्राह्मण आणि तिकडचा परिया हेही एकच, असे त्यांनी दाखवून दिले.

नंतरच्या विज्ञानाने या विचाराला बळ दिले. १९७२ साली रिचर्ड लेवोंटिन यांनी मोजून दाखवले, की माणसांतील आनुवंशिक भिन्नतेपैकी सुमारे ८५ टक्के भिन्नता एकाच लोकसमूहाच्या आत असते. २००४ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या ८५ जातींचा अभ्यास झाला. त्यात जातीजातींमधील फरक एकूण भिन्नतेच्या सुमारे २७ टक्के भरला. जगभरच्या मानवसमूहांमध्ये तोच आकडा ५ ते १० टक्के आहे. हैदराबाद आणि हार्वर्ड येथील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले, की भारतातील लोकसमूह सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते आणि त्यानंतर दारे बंद झाली. आधी मोकळे लग्नव्यवहार आणि मागाहून बंधन, हा क्रम १९१६ च्या निबंधातही आहे.

दार बंद करण्याचा काहीच परिणाम झाला नाही असे मात्र नाही. २०१७ च्या एका संशोधनानुसार भारतातील अनेक बंदिस्त समूहांत काही दुर्मीळ आनुवंशिक रोगांचा धोका वाढलेला आहे. दक्षिणेतील एका समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी वापरले जाणारे एक औषध शरीराला लवकर निचरा करता येत नाही. निवडीवाचून कोंडवाडा केला की गुण वाढत नाही, रोग तेवढा साचतो. शुद्ध रक्ताच्या अभिमानाची ही कमाई आहे.

आणखी एक प्रश्न मी त्या विद्यार्थ्याला विचारला. जातीचे काम जर रक्तातच असते, तर त्यासाठी शिक्षा कशाला लागल्या? कुत्र्याने भुंकावे असा कायदा कोणी करत नाही. मनुस्मृतीला मात्र शूद्राच्या कानाची, जिभेची, संपत्तीची चिंता पानोपानी वाहावी लागली. तिचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी आमच्याच जिल्ह्यात, महाडला झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्यावर काय घडले ते आठवा. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत, कुत्री-मांजरे पीत. माणसाने ओंजळ भरली तेव्हा तळे बाटले, आणि ते शुद्ध केले गेले ते दूध, दही, शेण, गोमूत्र यांच्या १०८ घागरी ओतून. पाळीव जनावराचे शेण माणसाच्या स्पर्शाहून पवित्र ठरवणारी ही व्यवस्था निसर्गाने घडवली, असे कोण म्हणेल?

माझ्या घरातली एक हकिकत सांगतो. जनावर पाळले की ते दारात मरते. रानातल्या सांबराचे प्रेत गिधाडे आणि कोल्हे पाहून घेतात, गोठ्यातल्या बैलाचे प्रेत गावाला उचलावे लागते. ही अडचण पाळणाऱ्याने निर्माण केली आणि गावगाड्याने ती जन्माने एका समाजाच्या अंगावर टाकून तिला 'हक्क' असे नाव दिले. वतनाच्या या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले होते. मेलेली गुरे ओढू नका, ते मांस खाऊ नका, हे त्यांनी महाडलाही सांगितले होते. माझे आजोबा ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर होते. बाबासाहेबांच्या चितेसमोर ज्या असंख्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांत तेही होते. पुढच्या पावसाळ्यात गावातील एका मोठ्या शेतकऱ्याचा बैल मेला. सबंध पंचक्रोशीत त्या बैलाच्या जातीचे कौतुक होते. बोलावणे आले. आजोबा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "तात्या, ते काम आता आमचं नाही."

आमच्याकडे त्याच घरची एक शेळी अर्धलीने होती. पहिले करडू मालकाचे, दुसरे आपले, असा करार. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी येऊन शेळी सोडून घेऊन गेला, पोटातल्या करडासकट. माझी आई ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी होती. मी सात वर्षांचा होतो. मला शेळीचे वाईट वाटले, कारण मीच तिला पाला आणत असे.

बैल दोन दिवस तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी वास असह्य झाला तेव्हा त्या शेतकऱ्याने आणि त्याच्या तिघा मुलांनी दोर लावून तो ओढ्यापलीकडे नेला आणि पुरला. आम्ही मुले बांधावरून पाहत होतो. त्यांना ते काम जमले. दोर कसा बांधायचा, खड्डा किती खणायचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ज्या कामासाठी एका समाजाचे रक्तच वेगळे आहे असे शेकडो वर्षे सांगितले गेले, ते चार माणसांनी एका सकाळी केले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतन गेले. पण २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना उघड्यावर फटके मारले गेले. काम आपणच द्यायचे आणि त्या कामासाठी मारायचेही आपणच, हा न्याय अजून संपलेला नाही.

परतताना मी त्या विद्यार्थ्याला हत्तीची आठवण दिली. बैलाचा बदल रक्तात झाला आहे. त्याचे दावे सोडले तरी तो संध्याकाळी गोठ्यात येतो. माणसाचे तसे नाही. प्रत्येक पिढीतल्या मुलाला तू खालचा आहेस हे नव्याने शिकवावे लागते, हत्तीसारखे नव्याने बांधावे लागते, आणि वरच्या म्हणवणाऱ्या मुलालाही तू वरचा आहेस हे नव्यानेच शिकवावे लागते. हे शिक्षण घरात, शाळेत, लग्नाच्या मांडवात रोज चालू आहे. म्हणून शिक्षकांवर आणि कार्यकर्त्यांवर जबाबदारी येते. जे शिकवले जाते ते न शिकवणे शक्य आहे. जे लग्नाच्या बंदीने उभे राहिले ते लग्नाच्या मोकळीकीने ढासळेल, हेही बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले आहे.

"म्हणजे सर," तो म्हणाला, "त्याला सांगू की माणसाची जात ही जातच नाही?"

"तेच सांग," मी म्हणालो. "आणि सांग, की दावे आहे. दिसतं तेवढं जुनंही नाही."